पुरुषांच्या जननेंद्रियावरील लायकेन स्क्लेरोसस: निदानापासून नियमित देखरेखीपर्यंत

शिश्नमुंडावर किंवा त्यावरच्या कातडीवर, म्हणजे अग्रत्वचेवर, पांढुरके चट्टे येणे, कातडीला वारंवार बारीक भेगा पडणे आणि पूर्वी सहज मागे जाणारी ती कातडी हळूहळू घट्ट होत जाणे, ही लक्षणे एकत्र दिसू लागली तर त्यामागे लायकेन स्क्लेरोसस हा दीर्घकालीन दाहाचा त्वचारोग असण्याची दाट शक्यता असते. जुन्या केसपेपरवर किंवा शस्त्रक्रियेच्या अहवालात हाच आजार अनेकदा ‘बीएक्सओ’ असा लिहिलेला आढळतो. 1928 साली पुरुषांमधील या विकाराला बॅलनायटिस झेरोटिका ऑब्लिटरन्स असे नाव देण्यात आले होते, त्याचेच हे संक्षिप्त रूप आहे. दोन वेगवेगळे आजार झाले आहेत अशी समजूत त्यामुळे करून घेऊ नये.

उपचारांकडे वळण्याआधी एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगणे आवश्यक आहे. हा आजार संसर्गजन्य नाही, तो लैंगिक संबंधातून लागत नाही आणि जोडीदाराला होत नाही. केवळ जागा नाजूक आहे म्हणून त्याला ‘गुप्तरोग’ समजणे आणि त्या लाजेपोटी दोन-तीन वर्षे अंगावर काढणे, हेच या आजारात सर्वाधिक नुकसान करते, कारण सुरुवातीच्या टप्प्यावर एका मलमाने आटोक्यात येऊ शकणारा दाह पुढे व्रणासारखी कडक, आकसलेली कातडी मागे ठेवून जातो आणि ती कडक झालेली कातडी कोणत्याही मलमाने पूर्ववत होत नाही.

पहिली पायरी: नीट पाहणे

चांगल्या उजेडात, अंघोळीनंतर, कातडी जेवढी सहज मागे जाईल तेवढीच मागे घेऊन पाहावे. जोर लावू नये. प्रभावित कातडी पांढरी, किंचित चकचकीत आणि सिगारेटच्या कागदासारखी पातळ, बारीक सुरकुतलेली दिसते. काही ठिकाणी लालसर किंवा जांभळट ठिपके, म्हणजे कातडीखाली झालेला सूक्ष्म रक्तस्राव, दिसू शकतो. अग्रत्वचेच्या टोकाशी पांढरे, कडक कडे तयार झालेले असते आणि कातडी मागे घेताना ते कडे शिश्नाला आवळते. खालच्या बाजूस शिश्नमुंडाला अग्रत्वचेशी जोडणारी जी बारीक घडी असते, ती आखडते आणि संबंधांच्या वेळी फाटते. खाज, आग, ताठरता आल्यावर होणारी वेदना या तक्रारी काहींना असतात, तर काहींना काहीच त्रास नसतो आणि केवळ रंग बदललेला दिसतो.

प्रत्येक पांढरा डाग लायकेन स्क्लेरोससचा नसतो. कोडामध्येही या जागी पांढरे डाग येतात, परंतु तेथे केवळ रंग जातो. कातडीचा पोत, मऊपणा आणि सैलपणा तसाच राहतो. मधुमेहात बुरशीचा संसर्ग झाला की कातडी लाल होते, पांढरा साका जमतो, भेगा पडतात आणि कातडी घट्टही होते. सोरायसिस, लायकेन प्लानस, एखाद्या गोळीची ॲलर्जी म्हणून त्याच जागी पुन्हा पुन्हा उठणारा काळपट चट्टा, आणि कर्करोगाच्या आधीची अवस्था असलेला मखमली लाल चट्टा, हे सगळे याच जागी दिसू शकतात. घरी पाहून निदान करणे हा या पायरीचा हेतू नाही; डॉक्टरांना काय दाखवायचे आणि काय सांगायचे ते ठरवणे हा आहे.

दुसरी पायरी: योग्य डॉक्टरांकडे जाणे

सर्वप्रथम त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचा व गुप्तरोग यांची ओपीडी एकत्र चालते आणि पाटीवरचे ते शब्द वाचून अनेक जण दारातूनच परत फिरतात. तसे करू नये, या आजाराचा रोज अनुभव असलेले डॉक्टर तेथेच बसतात. खासगी दवाखाना निवडताना पाटीवर एमबीबीएसनंतर त्वचारोगशास्त्रातील एमडी, डीएनबी किंवा पदविका आहे का, हे पाहावे. एसटी स्थानकांच्या आणि रेल्वेमार्गाच्या भिंतींवर रंगवलेल्या, ‘खात्रीशीर इलाज’ देणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहावे.

तपासणीच्या आधी चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: त्रास केव्हापासून आहे, आतापर्यंत कोणकोणती मलमे लावली (शक्य असल्यास रिकाम्या ट्यूबसह), लघवीची धार बारीक झाली आहे का किंवा तिला फाटे फुटतात का, आणि सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. शेवटचा मुद्दा अनेकांना अनावश्यक वाटतो. परंतु मधुमेहासाठी आज मोठ्या प्रमाणावर दिल्या जाणाऱ्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात आणि त्यामुळे शिश्नावर बुरशीचा संसर्ग वारंवार होऊ शकतो. तो संसर्ग लायकेन स्क्लेरोसससारखा भासू शकतो किंवा असलेल्या लायकेन स्क्लेरोससमध्ये भर घालू शकतो. या गोळ्या स्वतःहून बंद मात्र करू नयेत, तो निर्णय डॉक्टरांचा आहे. पूर्वी कधी जननेंद्रियावर हर्पिस, म्हणजे विषाणूमुळे येणारे दुखरे फोड, किंवा चामखीळ झाली असेल तर तेही सांगावे, कारण पुढे द्यावयाच्या स्टिरॉइड मलमामुळे हे दोन्ही पुन्हा उसळू शकतात.

अनुभवी डॉक्टर बहुतेक वेळा केवळ पाहून निदान करतात. रक्तातील साखर आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ही तपासणी सांगितली जाते. निदानाबद्दल शंका असेल, उपचारांना प्रतिसाद मिळत नसेल किंवा एखादी जागा जाड, खरबरीत अथवा उघडी राहत असेल तर बायोप्सी केली जाते. त्यात ती जागा बधिर करून कातडीचा काही मिलिमीटरचा तुकडा काढतात, आणि त्यासाठी सहसा रुग्णालयात राहावे लागत नाही. बायोप्सी सांगितली म्हणजे कर्करोग झाला, असा अर्थ काढू नये.

तिसरी पायरी: मलम

या आजाराचे मुख्य औषध ठरलेले आहे: क्लोबेटासॉल प्रोपिओनेट 0.05 टक्के, हे अतितीव्र गटातील स्टिरॉइड मलम. उपलब्ध असेल तर क्रीमऐवजी ऑइंटमेंट, म्हणजे तेलकट स्वरूपाचे मलम घेणे चांगले, कारण त्यात कातडीला चुरचुरणारे घटक कमी असतात आणि ते अधिक काळ टिकून राहते. डॉक्टर सामान्यतः ते दिवसातून एकदा, एक ते तीन महिने लावण्यास सांगतात. त्यानंतर एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, असे हळूहळू कमी करण्याची पद्धतही प्रचलित आहे. आपल्यासाठी नेमका क्रम कोणता, तो डॉक्टरांकडून चिठ्ठीवर तारखांसह लिहून घ्यावा. ‘काही दिवस लावा’ एवढ्या तोंडी सूचनेवर घरी परतू नये.

लावण्याची पद्धत महत्त्वाची आहे, म्हणून ती तपशिलाने सांगतो. रात्री झोपण्यापूर्वी लघवी करून घ्यावी आणि शेवटचे थेंब पूर्ण निपटू द्यावेत. कोमट पाण्याने, साबण न वापरता, जागा धुवावी आणि मऊ सुती कापडाने न घासता टिपून कोरडी करावी. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून मलमाची रेघ काढली तर ते साधारण अर्धा ग्रॅम भरते. या जागेसाठी त्याच्या निम्मे पुरते. कातडी सहज जाईल तेवढी मागे घेऊन, पांढरे चट्टे, अग्रत्वचेची आतली बाजू आणि टोकाचे घट्ट कडे यांवर त्याचा पातळ थर द्यावा आणि मलम जिरेपर्यंत हलक्या बोटाने फिरवावे. कातडी मागे जातच नसेल तर टोकाच्या कड्यावर आणि बोट जाईल तेवढ्या आतल्या भागात लावावे. लावून झाल्यावर कातडी न विसरता पुढे आणावी, कारण घट्ट कातडी मागेच अडकून राहिली तर शिश्नमुंड सुजते आणि ती परत येईनाशी होते. असे झाल्यास त्याच दिवशी, काही तासांच्या आत, रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे लागते. शेवटी हात साबणाने धुवावेत. मलमाचे बोट डोळ्यांना लागू देऊ नये.

औषधाच्या घडीपत्रकावर हे मलम जननेंद्रियावर लावू नये, अशा अर्थाची सूचना बहुधा असते आणि ती वाचून अनेक रुग्ण पहिल्याच आठवड्यात उपचार सोडतात. ती सूचना देखरेखीशिवायच्या वापरासाठी आहे. लायकेन स्क्लेरोससमध्ये मात्र ते याच जागी, ठरलेल्या प्रमाणात आणि ठरलेल्या काळापुरते लावायचे असते, आणि दाह न शमवल्याने कातडीचे होणारे नुकसान हे मलमाच्या संभाव्य दुष्परिणामांपेक्षा मोठे असते. याच्या विरुद्ध टोकालाही जाऊ नये. बरे वाटते म्हणून महिनोन्महिने रोज लावत राहणे, मांडीच्या सांध्यात किंवा वृषणावर खाज सुटली म्हणून तेच तेथेही चोळणे, यामुळे कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि गजकर्ण असल्यास ते पसरते. तीस ग्रॅमची ट्यूब या एवढ्याशा जागेसाठी काही महिने पुरायला हवी. ती दोन-तीन आठवड्यांत संपत असेल तर प्रमाण चुकते आहे असे समजून डॉक्टरांना विचारावे.

औषधांच्या दुकानात काउंटरवर ‘खाजेसाठी’ म्हणून हातात दिल्या जाणाऱ्या मिश्र ट्यूबबद्दल माझे मत स्पष्ट आहे: या आजारात त्या लावू नयेत. स्टिरॉइड, बुरशीविरोधी औषध आणि एक-दोन प्रतिजैविके एकत्र कालवलेल्या या मलमांत स्टिरॉइड असल्यामुळे चार दिवस आराम वाटतो, निदान लांबते, आणि त्यांतील निओमायसिनसारख्या घटकाची ॲलर्जी होऊन नवाच दाह उभा राहू शकतो. स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत यासाठी केंद्र सरकारने 2018 साली नियम अधिक कडक केले, तरीही ही विक्री सर्रास चालते. लसूण, लिंबू, खायचा सोडा, जंतुनाशक द्रावण, टेस्टोस्टेरॉनची क्रीम यांचाही या कातडीवर उपयोग नाही, आणि पहिल्या चारांनी तर ती भाजते.

काही रुग्णांना डॉक्टर टॅक्रोलिमस हे स्टिरॉइड नसलेले मलम देतात. ते दुसऱ्या पसंतीचे औषध आहे, सुरुवातीला आग होते, आणि ते नियमित देखरेखीखालीच वापरावयाचे असते.

चौथी पायरी: लघवीचा ओलावा आणि साबण

जन्मानंतर लगेच सुंता केलेल्या पुरुषांमध्ये हा आजार क्वचितच आढळतो. अग्रत्वचेखाली लघवीचे थेंब साचून राहणे आणि बंद, दमट जागेत कातडीचा त्यांच्याशी सतत संपर्क येणे, हे पुरुषांमधील या आजारामागचे प्रमुख कारण असल्याचे अनेक तज्ज्ञ मानतात. म्हणून मलमाच्या जोडीला हा ओलावा रोखणे हा उपचाराचाच भाग आहे, केवळ स्वच्छतेची सवय नव्हे. लघवीनंतर घाईने कपडे सावरू नयेत. वृषणाच्या मागे, गुदद्वाराच्या पुढच्या भागावर दोन बोटांनी हलका दाब देत तो पुढे आणावा आणि मूत्रमार्गात अडकलेले थेंब बाहेर काढावेत, मग कातडी थोडी मागे घेऊन टिश्यू पेपरने जागा टिपावी. कामावर असताना खिशात टिश्यूचे छोटे पाकीट ठेवावे. दिवसातून दोन-तीन वेळा साध्या, सुवासरहित पेट्रोलियम जेलीचा पातळ थर दिला तर लघवी कातडीला भिडत नाही. स्टिरॉइड मलम आणि ही जेली एकाच वेळी लावू नये, मध्ये अर्धा तास जाऊ द्यावा.

धुताना सुवासिक साबण, बॉडी वॉश, शाम्पूचा फेस आणि ‘इंटिमेट वॉश’ म्हणून विकली जाणारी द्रावणे या जागेपासून दूर ठेवावीत. वारंवार घासून धुणे हीदेखील इजाच आहे, आणि या आजारात चोळलेल्या, ओरखडलेल्या जागी नवे चट्टे उठण्याची प्रवृत्ती असते. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत सैल सुती अंतर्वस्त्रे वापरावीत आणि पावसात भिजल्यावर ती लगेच बदलावीत. पोटाचा घेर फार वाढला असेल तर शिश्न चरबीत आत ओढले जाते आणि कातडी सतत ओली राहते, त्यामुळे वजन कमी करणे येथे थेट उपयोगी पडते.

भेगा भरेपर्यंत लैंगिक संबंध टाळावेत आणि पुढेही वंगण वापरावे. येथे एक बारीक पण महत्त्वाची बाब आहे: पेट्रोलियम जेली आणि तेलकट मलमे यांमुळे लॅटेक्सचा निरोध कमकुवत होऊन फाटू शकतो. निरोध वापरणार असाल तर आधी जागा धुऊन पुसून घ्यावी आणि पाण्यावर आधारित वंगण वापरावे. मलम लावल्या लावल्या संबंध ठेवल्यास स्टिरॉइड जोडीदाराच्या कातडीलाही लागते, तेही टाळावे.

पाचवी पायरी: तीन महिन्यांनी आढावा, आणि सुंतेचा प्रश्न

मलम नियमित लावल्यावर साधारण निम्म्या किंवा त्याहून थोड्या अधिक पुरुषांना शस्त्रक्रियेची गरज पडत नाही. यश ओळखताना रंगाकडे पाहू नये. पांढरेपणा काही प्रमाणात कायम राहू शकतो. खाज थांबली, भेगा पडेनाशा झाल्या, कातडी मऊ होऊन मागे जाऊ लागली, तर औषध काम करते आहे.

तीन महिने नीट उपचार करूनही कातडी घट्टच असेल, किंवा सुरुवातीलाच ती टाचणीच्या टोकाएवढे भोक उरेपर्यंत आवळली असेल, तर सुंता करणे हा योग्य उपचार आहे. हा शब्द ऐकताच आपल्याकडे अनेक कुटुंबांत धार्मिक संकोच आड येतो, आणि त्या संकोचापायी तरुण मुले दोन-तीन वर्षे वेदना सोसतात. येथे ती आजारी कातडी काढण्याची शस्त्रक्रिया आहे, बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात, टाके आपोआप विरघळतात आणि संबंध साधारण चार ते सहा आठवड्यांनी, जखम पूर्ण भरल्यावर, सुरू करता येतात. शस्त्रक्रियेपूर्वी सर्जनांशी दोन गोष्टी बोलाव्यात. एक म्हणजे अग्रत्वचा पूर्ण काढली जाईल ना, कारण अर्धवट ठेवलेल्या कातडीत आजार परत डोके वर काढतो. दुसरी म्हणजे काढलेली कातडी पॅथॉलॉजी तपासणीसाठी पाठवली जाईल ना. तिच्या अहवालामुळे निदान पक्के होते आणि कर्करोगपूर्व बदल असतील तर तेही कळतात. हा अहवाल आयुष्यभर जपून ठेवावा.

लहान मुलांबाबत थोडे वेगळे. तीन-चार वर्षांच्या मुलाची कातडी मागे न जाणे हे नैसर्गिक आहे आणि अंघोळ घालताना ती जोराने ओढणे अत्यंत चुकीचे आहे. परंतु पूर्वी सरकणारी कातडी सात-आठ वर्षांनंतर घट्ट होऊ लागली, टोक पांढरे पडले किंवा लघवी करताना कातडीचा फुगा होऊ लागला, तर बालशल्यचिकित्सकांना दाखवावे.

सहावी पायरी: लघवीच्या धारेकडे लक्ष

या आजारातला सर्वांत गंभीर, आणि माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षित राहिलेला भाग हा आहे. दाह शिश्नाच्या टोकावरच्या छिद्रापर्यंत पोहोचला की ते अरुंद होते आणि पुढे मूत्रमार्गात आत सरकत जाऊन दीर्घ लांबीचा अडथळा निर्माण करू शकतो. हे इतक्या सावकाश घडते की रुग्णाला बारीक धारेची सवय होऊन जाते. धार फाटणे, तिरकी जाणे, लघवीला जोर करावा लागणे, संपल्यावरही थेंब गळत राहणे, वारंवार मूत्रसंसर्ग होणे, यांपैकी काहीही असल्यास युरॉलॉजिस्टकडे जावे. ते यंत्रात लघवी करवून धारेचा वेग मोजतात, म्हणजेच युरोफ्लोमेट्री करतात. सोनोग्राफीने लघवीनंतर मूत्राशयात किती लघवी उरते ते पाहतात आणि गरज असल्यास मूत्रमार्गात औषध सोडून एक्स-रे काढतात.

अडथळा केवळ छिद्रापुरता असेल तर छोट्या शस्त्रक्रियेने ते रुंद करता येते. लांब अडथळ्यात पुन्हा पुन्हा सळई घालून मार्ग मोठा करत राहण्याने तात्पुरता आराम मिळतो, पण व्रण वाढत जातो. अशा वेळी गालाच्या आतले अस्तर काढून त्याने मूत्रमार्ग रुंद करण्याची शस्त्रक्रिया केली जाते. जननेंद्रियाची कातडी यासाठी वापरत नाहीत, कारण तिच्यात हाच आजार परत होतो. या क्षेत्रात पुण्याचे नाव जगभर आहे: संपूर्ण मूत्रमार्गाच्या अडथळ्यासाठी एकाच बाजूने मूत्रमार्ग मोकळा करून गालाचे अस्तर बसवण्याची पुण्यातील डॉ. संजय कुलकर्णी यांची पद्धत ‘कुलकर्णी तंत्र’ म्हणून ओळखली जाते. येथेच गुटखा, मावा आणि तंबाखू यांचा प्रश्न उभा राहतो. वर्षानुवर्षे या वस्तू चघळणाऱ्यांच्या गालाचे अस्तर कडक होते, तोंड पुरेसे उघडत नाही आणि दुरुस्तीसाठी लागणारे निरोगी अस्तरच मिळेनासे होते. लायकेन स्क्लेरोससचे निदान झालेल्या प्रत्येकाने तंबाखू त्याच दिवशी सोडावा, कारण त्याचे सर्व रूपांतले सेवन शिश्नाच्या कर्करोगाचाही धोका वाढवते.

सातवी पायरी: पुढची वर्षे

आजार शांत झाला तरी तो पुन्हा उठू शकतो. खाज किंवा भेगा परतल्या तर डॉक्टरांनी आधीच ठरवून दिलेल्या पद्धतीने काही दिवस मलम लावावे, आणि वर्षातून अनेकदा असे होऊ लागल्यास पुन्हा तपासून घ्यावे. सुंता झालेल्यांनीही शिश्नमुंडावर उरलेल्या चट्ट्यांसाठी हे चालू ठेवावे लागते.

दीर्घकाळ न शमलेल्या लायकेन स्क्लेरोससमधून शिश्नाचा कर्करोग होण्याची शक्यता थोड्या रुग्णांत असते. ती कमी आहे, परंतु शून्य नाही, आणि वेळीच सापडलेला बदल छोट्या शस्त्रक्रियेत निपटतो. म्हणून महिन्यातून एकदा, पहिल्या पायरीत सांगितल्याप्रमाणे, चांगल्या उजेडात संपूर्ण कातडी पाहावी आणि बोटाने चाचपावी. मलम लावूनही दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, कडक गाठ, चामखिळीसारखी वाढ, सहज रक्त येणारी जागा किंवा टिकून राहिलेला मखमली लाल चट्टा दिसला, तर आणखी एक ट्यूब आणून वाट पाहू नये. जुना अहवाल सोबत घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे आणि बायोप्सीची गरज आहे का, हे स्वतःहून विचारावे.